घेवड्याचं संरक्षण खातं

३ जून, सकाळी
आजपासून नवं आयुष्य. सासऱ्यांनी अखेर मान्य केलं: फवारणी न करता घेवडा पिकवून दाखवला, तर शेत आणि शेतावरच्या दोन खोल्या आमच्या. नाहीतर पुन्हा मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत बसायचं, मरेपर्यंत. घरजावयाला तिसरा रस्ता नसतो. पण माझा प्लॅन तयार आहे. बांधावर फुलं आणि झुडपांचं कुंपण. फुलांवर चांगले किडे येतात, ते वाईट किडे खातात. आपण फक्त लक्ष ठेवायचं. असं काम मला जमतं.

१९ जून
झेंडू, बडीशेप, सूर्यफूल झालं. झुडपंही लावली. कंबर गेली. बायकोने विचारलं, घेवडा कधी? या बाईला धीर म्हणून नाही. शेवटी तिनेच पेरला. मी देखरेख केली.

११ जुलै
बांध फुलला! मधमाशा आल्या, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडेही आले. पिकाचा रस शोषणारी मावा नावाची कीड ढालकिडे खातात, म्हणजे आपलेच लोक. जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. मेहुणा म्हणाला, भावोजी, त्यांना निदान कामावर वेळेवर तरी यायला सांगा. सासूबाईसुद्धा हसल्या. हसा लेको.

२४ जुलै
घात झाला. फुलांत शत्रू घुसलाय. काळ्या, काटेरी अळ्या, अंगावर नारिंगी ठिपके. दिसायला सुसरीची पिल्लं. फवारायचं नाही, म्हणून हाताने वेचून साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकल्या. उद्यापासून रोज पहाटे. व्यायामही होईल.

२५ जुलै
पहाटे जाग आली नाही. संध्याकाळी वेचल्या.

२ ऑगस्ट
अळ्यांचा नायनाट. घेवड्यावर थोडा मावा. बायको म्हणते, थोडा नाही. ढालकिडे बघून घेतील.

९ ऑगस्ट
शेंडे चिकट, शेंगा वाकड्या. ढालकिडे कामचुकार निघाले. उद्या कृषी अधिकारी बाईंना बोलावलंय. सासऱ्यांनाही मुद्दाम यायला सांगितलं. तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलं म्हणजे पटेल.

१० ऑगस्ट
बाईंनी फुलांचं कौतुक केलं. मग मी अळ्यांची बरणी दाखवली. बाईंनी बरणी उजेडात धरून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, अहो, ही ढालकिड्यांचीच पिल्लं. मावा सगळ्यात जास्त हीच खातात.

सासरे वळले. चपलेची माती झटकली आणि घरी गेले.

पण मी म्हणतो, आईबापांशी काडीचंही साम्य नसलेली पोरं जन्माला घालायचीच कशाला? चूक त्यांची आहे.

१२ ऑगस्ट
घेवडा उपटला. मेहुणा म्हणाला, भावोजी, उद्या दुकान जरा लवकर उघडा.

खोलीत आलो तर बायको सुटकेस रिकामी करत होती. चादरी, दोन पातेली, शिवलेले पडदे. ही कधी भरलीस, विचारलं. जूनमध्येच, म्हणाली. शेतावरच्या खिडक्यांची मापं तिने कधी घेतली कोण जाणे. हे तिचं माहेर, म्हणून ती इथे सुखात आहे असंच मी धरून चाललो होतो. तिलाही इथून सुटायचं होतं. फार वाईट वाटलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, पडदे इथेच लावू.

ती म्हणाली, इथे आखूड पडतील.