जुना मामा

वर्तकनगर, ठाणे
३ नोव्हेंबर २०२४

चि. श्रीपाद यास अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, हे तुझ्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, म्हणून हा पत्रांचा जुना उद्योग पुन्हा. पोस्टमन मला आता कोर्टकज्जेवाली बाई समजतो.

तीस वर्षं आम्ही तुला चांगल्या महिन्यांत हौशी म्हटलं, वाईट महिन्यांत आळशी. बायपोलर हा एकच शब्द दोन्हीकडे पुरला असता, पण तो सांगायला घरात कुणी शिकलेलं नव्हतं, नुसत्या डिग्र्या होत्या. दहा महिने गोळ्या चालू आहेत, क्लासला शिकवायला वेळेवर जातोस म्हणे. अभिनंदन करणार नाही, वेळेवर कारकूनही जातात.

आसावरीचं लग्न १५ डिसेंबरला. मामा म्हणून माझ्या लेकीला बोहल्यावर तूच आणायचंस. फक्त येताना जुना श्रीपाद घेऊन ये, माझ्या लग्नात बँडवाल्याचा ढोल हिसकावून वाजवणारा. हा नवा विमा एजंटासारखा हसतो.

इकडील सर्व क्षेम. माया आहेच, ती पत्रातून थोडी सांडू दे.

तुझी शुभाताई

मानपाडा, डोंबिवली
८ नोव्हेंबर

ती. शुभाताईस सा. न. वि. वि.

जुना मामा हजर होईल. गोळ्यांनी हात थरथरतो, तोही थांबेल. नाहीतर लोक म्हणतील नवरीपेक्षा मामाच घाबरलाय.

इकडील सर्व क्षेम.

श्रीपाद

मानपाडा
१९ नोव्हेंबर

ताई, सा. न. वि. वि.

चार दिवस झोपलो नाही आणि बिलकुल थकलो नाही. माणसाकडे केवढा वेळ असतो गं. क्लास सोडला, मुलांना गणित येतंच. वरातीला दोन घोडे सांगितलेत, एक आसावरीला. ढोल विकत आणला. शेजारच्या गोदूबाई सकाळपासून दार बडवतायत, त्यांना ताल कळत नाही.

ता. क. घोडे तीन कर.
ता. क. जागा संपली, समासात लिहितोय. गोळ्या तुझं पत्र आलं त्याच दिवशी बंद केल्या. बघ, आलो की नाही जुना?

वर्तकनगर
२२ नोव्हेंबर

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

हे पत्र स्वानंदबरोबर देतेय. भाचा आज तुझ्याकडेच राहील. डॉक्टरीणबाईंशी बोलले, उद्या अकराची वेळ दिलीय, मी येतेय. तोवर त्याच्याशी भांडू नकोस, तो माझ्यावर गेलाय.

समासातली अशी अक्षरं मी तीस वर्षं मोठ्यांदा वाचून दाखवली, सगळं घर हसायचं. आज पहिल्यांदा हसू आलं नाही. जुना श्रीपाद माझ्या सोयीचा होता रे. त्याची गंमत मी घ्यायचे आणि नंतरचे दोन महिने भिंतीकडे तोंड करून तू एकटा पडून राहायचास. तेव्हा मी फार फार तर डबा पाठवला. चूक माझ्या पत्राची आहे, ते फाडून टाक.

आसावरीला सांगितलं. ती म्हणाली, दहावीच्या निकालाला मामा पेढ्यांचे अठरा बॉक्स घेऊन आला आणि बारावीच्या निकालाला आलाच नाही. मला येणारा मामा हवाय.

शुभाताई

मानपाडा
१७ डिसेंबर

ती. शुभाताईस सा. न. वि. वि.

परवाचं लग्न छान झालं हे तुला मी कळवावं असं नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणतात, लिही. क्लासवाल्यांनी सोमवार-बुधवारची एक बॅच परत दिलीय. बाकीच्या बॅचेस मला बघून ठरवणार आहेत. ढोल गोदूबाईंनी मागून नेला, त्यात कांदे ठेवतात.

एक मात्र तुला माहीत नाही. नवरीचा हात धरून बोहल्याकडे निघालो तेव्हा माझा हात पुन्हा थरथरायला लागला. सोडवून घ्यावा असं वाटलं. पण आसावरीचा हातही तसाच थरथरत होता. मग कुणाचा कोणता ते कळेना, म्हणून दोघांनी घट्ट धरले.

इकडील सर्व क्षेम असं मी आजवर डोळे मिटून लिहीत आलो. यापुढे त्या जागी लिहीन: आजची गोळी घेतली. समास कोरा सोडलाय, बघून घे.

तुझाच,
श्रीपाद