कंपनीच्या खुर्च्यांवर भरलेली सभा

तीर्थरूप मामांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घ्या. कंबर अशी धरली आहे की वाकलो तर तुम्हालाच येऊन उठवावं लागेल. का धरली ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला फार दिसायला लागलंय आणि म्हणून घरात वाद वाढलेत, असं मामी फोनवर सांगत होत्या. जपून राहा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. मधे यंत्राची तब्येत बिघडली आणि त्यापायी तुमच्या सुनेनं जे काही केलं, ते आपल्या घराण्यात आजवर कुणी केलेलं नाही. म्हणून हे पत्र.

आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि त्यांच्या मधला बोळ, हे तुम्ही पाहिलंच आहे. पुढच्या खोलीत मी बसतो. लोकांकडून बाटल्या घ्यायच्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि ‘परवा या’ असं हसून सांगायचं, हे माझं खातं. मागच्या खोलीत ही, आणि ते यंत्र. पाण्यात शिसं किती, आर्सेनिक किती, हे ते यंत्र सांगतं आणि खाली सही ही करते. (सहीचं खातं माझ्याकडे का नाही, असं तुम्ही लग्नानंतर एकदा विचारलं होतंत. रसायनशास्त्रात मला किती गुण होते ते आठवा.) तर या यंत्राला अचानक भ्रम झाला. सकाळी शुद्ध पाण्यात त्याला शिसं सापडायचं आणि दुपारी आम्ही मुद्दाम शिसं घातलेल्या पाण्यात काहीच सापडायचं नाही. नेमक्या त्याच वेळी एका वसाहतीतल्या बायका नळाचं पाणी घेऊन आल्या होत्या. पोरांना हे पाणी द्यायचं की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि तो विचारायला त्या रोज पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्यासमोर, येऊन बसत. मी हिला सुचवलं, की सकाळचा आकडा नि दुपारचा आकडा मिळवून सरासरी काढू. तिने माझ्याकडे असं पाहिलं, मामा, की मी सरासरी काढणं जन्मभरासाठी सोडलं. “खोटा आकडा देण्यापेक्षा नाही सांगता येत म्हणणं बरं,” एवढंच बोलली आणि त्या बायकांना तेच सांगायला स्वतः बाहेर आली. “कळेपर्यंत ते पाणी पिऊ नका,” हेही सांगितलं.

कंपनीला फोन केला. तिकडून एक गोड आवाज आला, की यंत्र बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. केलं. दुसऱ्या दिवशी दुसरा गोड आवाज, उपाय तोच. (त्या आवाजांना घराला आग लागली म्हणून सांगितलं असतं, तरी घर बंद करून पुन्हा चालू करा म्हणाले असते.) शेवटी बऱ्याच दिवसांनी कंपनीची इंजिनिअर आली. एक किडकिडीत मुलगी, खांद्याला तिच्याहून जड हत्यारांची पेटी. या अख्ख्या पट्ट्यात कंपनीची ती एकटीच. जेवण बसमध्ये, झोप बसमध्ये. तिने यंत्र उघडलं, आत डोकं घातलं आणि सर्किट बोर्ड गेलाय म्हणून सांगितलं. नवा बोर्ड मागवा म्हटलं, तर ती खाली बघायला लागली. या मॉडेलचे सुटे भाग कंपनीने बंद केले होते. थोडक्यात, कंपनीच्या लेखी आमचं यंत्र केव्हाच वारलं होतं, आम्हाला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

हिने विचारलं, “असं आणखी कुणाचं झालंय?”

“ताई, ते सांगायची मला परवानगी नाही,” ती मुलगी म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. त्यावरून पुष्कळांचं झालंय हे हिला कळलं. मला नाही कळलं. मला वाटलं, आमच्या मागच्या खोलीत उकडतं म्हणून असेल.

मग लागलं यंत्रांचं प्रदर्शन. मोठा हॉल, चकचकीत स्टॉल आणि आमच्या कंपनीचा स्टॉल सगळ्यांत मोठा. गालिचा, गुबगुबीत खुर्च्या, फुकट चहा आणि मधोमध काचेच्या पेटीत नवं मॉडेल. ही सरळ जाऊन त्या पेटीशेजारी उभी राहिली. जो कुणी नवं यंत्र बघायला वाकेल त्याला ती हळूच विचारी, “तुमच्याकडे जुनं आहे का हो? कसं चाललंय?” आणि मामा, माणसं नुसती भरून आलेली असतात हो! एका कॉलेजचे प्राध्यापक तर जागच्या जागीच आपल्या यंत्राचा इतिहास सांगायला लागले. (ते अजून सांगताहेत.) हिने त्यांना खुर्ची दिली. मग रुग्णालयातल्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई बसल्या, मग आणखी कोण कोण. एवढी गर्दी पाहून स्टॉलवरची पोरं हरखली आणि चहाच्या फेऱ्यांवर फेऱ्या आणायला लागली. त्यांचा विक्री व्यवस्थापक, ज्याला मी मनातल्या मनात टायवाले म्हणतो, लांबून हिच्याकडे कौतुकाने बघत होता. ही कंपनीचीच हुशार बाई आहे अशी त्याची समजूत झाली असावी. जवळ आला तेव्हा संघटनेचं नाव ठरून वर्गणीवर चर्चा चालली होती. मी बिस्किटं संपवत होतो. कंपनीच्या चहावर, कंपनीच्या खुर्च्यांवर, कंपनीविरुद्ध पहिली सभा! उठवणार तरी कसं? सगळी त्याची जुनी गिऱ्हाइकं.

पण संघटना काढणं सोपं, चालवणं महाकठीण. आमच्यात दोन रंगाच्या कारखान्यांतले दोन रसायनतज्ज्ञ आहेत, थोरले रंगवाले आणि धाकटे रंगवाले. कारखाने एकमेकांच्या मुळावर उठलेले, त्यामुळे हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. यंत्र बिघडलंय हेही कबूल करेनात, समोरच्याला कळेल म्हणून. दुसऱ्या सभेत दोघं दोन कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून बसले. हिने एकाच्या कानाशी जाऊन विचारलं, मग दुसऱ्याच्या. मग सगळ्यांसमोर म्हणाली, “तुमच्या दोघांचं दुखणं एकच आहे. थोरल्यांनी ते जुन्या यंत्रातला बोर्ड घालून बरं केलंय आणि धाकट्यांनी देव पाण्यात ठेवलेत.” सगळे हसले, आधी धाकटेच. थोरल्यांनी बोर्ड कुठून मिळाला ते सांगितलं (तिथे तो शेवटचाच होता म्हणे) आणि वर हिला म्हणाले, “तुमच्या त्या वसाहतीचं पाणी आणा की आमच्याकडे. आमचं यंत्र चालतंय.”

त्याच आठवड्यात ही बाटल्या घेऊन रंगाच्या कारखान्यात जाऊन बसली. बाकी नळ चांगले निघाले, पण एका इमारतीच्या पाण्यात शिसं होतं, आणि चांगलंच होतं. त्या बायकांनी तो नळ त्याच दिवशी बंद करवला. त्यांतली एक आमच्याकडे येऊन हिचा हात धरून बसून राहिली. मी चहा करायला आत गेलो. (डोळ्यांत काही गेलं होतं म्हणूनही गेलो.)

आता कंबरेचं. टायवाले एके दिवशी फळांची टोपली घेऊन आमच्याकडे हजर. म्हणाले, नवं यंत्र तुमच्याकडे वापरून बघायला ठेवतो, फुकट, हवं तितके दिवस. फक्त बाईंनी सभांची दगदग करू नये, तब्येतीला बरं नसतं. मामा, खोटं कशाला बोलू, मी विरघळलो. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी मागच्या खोलीतलं टेबल सरकवायला गेलो, नव्या यंत्राला जागा हवी म्हणून. तिथेच कंबरेत कळ आली आणि मी टेबलावर पालथा पडलो. त्या अवस्थेत मला हिचं उत्तर ऐकू आलं. “नवं यंत्र बिघडलं की कोण येणार?” टायवाले म्हणाले, आमची इंजिनिअर आहे की. “तीच ती एकटी? मग ही टोपली तिला द्या. तिला फळं खायला वेळ कधी मिळणार, तेही विचारा.” टोपली परत गेली. मला उठवायला धाकटे रंगवाले आले.

अखेर कंपनीचे मोठे साहेब भेटायला तयार झाले. लांबलचक टेबल, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आमची फौज. टायवाल्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की कंपनीची सेवा उत्तमच आहे, स्थानिक इंजिनिअर जरा कमी पडते, तिला समज देऊ. ती मुलगी भिंतीशी पेटी धरून उभी होती. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं. ही उठली, स्वतःची खुर्ची सरकवत तिच्यापाशी नेली आणि म्हणाली, “बस बाळा.” मग साहेबांकडे वळून, “आमची तक्रार हिच्याबद्दल नाही. आमची मागणी हिच्यासाठी आहे.” डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही मुलगी अंगात ताप असताना आमच्याकडे येऊन यंत्र सुरू करून गेली. धाकटे म्हणाले, ही सुटीच्या दिवशी आली होती. थोरले म्हणाले, आमच्याकडेही, आणि चक्क धाकट्यांकडे बघून मान हलवली. प्राध्यापक उभे राहिले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मनाची तयारी केली, पण ते एकच वाक्य बोलले, “तुमच्या कंपनीवर आमचा जो काही विश्वास उरलाय, तो या खुर्चीवर बसलाय.” आणि बसले! (मी नंतर त्यांना नाडी दाखवून घ्या म्हटलं.)

साहेब भला माणूस निघाला. त्यांनी त्या मुलीलाच विचारलं, तुला काय हवंय? हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं. आधी ती अडखळली, मग हळूहळू बोलायला लागली आणि मग थांबेचना. सुटे भाग इथेच ठेवायला हवेत, जोडीला माणूस हवा, जुन्या मॉडेलचा आधार इतक्यात काढू नका, नेहमीचे बिघाड आपले आपण ओळखायला गिऱ्हाइकांना शिकवू द्या. साहेब मान खाली घालून उतरवून घेत होते, टायवाले टायशी खेळत होते. बहुतेक सगळं मान्य झालं. जोडीदार आलासुद्धा, भागांचं कपाट उघडलं आणि आमची मंडळी त्या मुलीच्या पहिल्या वर्गाला गेली तेव्हा दोन्ही रंगवाले एकाच बाकावर बसले. साहेबांच्या भेटीनंतर बाहेर पडल्यावर मी हिला विचारलं होतं, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, “वाटली की. पाय लटपटत होते, म्हणून तर खुर्ची धरून चालले.” मामा, मी इतकी वर्षं या बाईबरोबर राहतो आणि मला अजून तिचा अंदाज नाही.

मामींना नमस्कार. तुमच्या आशीर्वादाचा भुकेला,

तुमचा भाचा

ता. क. – भागांच्या कपाटात सगळं आलं आहे, फक्त आमचा बोर्ड सोडून. तो म्हणे बोटीने येतो आहे. तेव्हा मुद्द्याचं लिहितो. तुम्ही खतांची प्रयोगशाळा बंद केलीत त्यानंतर चादरीखाली झाकून ठेवलेलं यंत्र आमच्याच मॉडेलचं आहे. त्यातला बोर्ड तेवढा द्यावा. तुम्हाला आता त्याचा काय उपयोग?

ता. क. दुसरा – हे पत्र घेऊन आलेली किडकिडीत मुलगी म्हणजेच ती इंजिनिअर. तिला आधी जेवायला घाला. बसवून.

ता. क. तिसरा – वरचं हिने वाचलं आणि माझ्यावर उखडली. तिने मुलीला बजावलंय, की मामांच्या यंत्रातलं काही काढायचं नाही. ते सुरू होतंय का बघायचं, झालं तर मामांना सभासद करून यायचं आणि त्यांना पुन्हा कामाला लावायचं. तेव्हा मामा, एक विनंती माझी, एक हिची. कोणती मानायची ते तुम्हीच ठरवा, असं लिहिणार होतो, पण तुम्ही इथवर वाचेपर्यंत त्या मुलीने चपला काढून यंत्रावरची चादर ओढलीसुद्धा असेल.