दोन याद्या, एक अस्वल आणि टाचणी

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार (खरं तर बसूनच, कारण माझ्या टेबलासमोर सध्या सात राजे हँगरला लटकतायत आणि वाकायला जागाच नाही). भावोजींना नमस्कार सांग, पिल्लूचा एक गालगुच्चा घे. तुझं मनगट कसं आहे? हाताला आराम द्या, लिहिणं-टायपिंग बंद ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? मग ठेवतेस का बंद? (हा प्रश्न मी उगाच विचारत नाहीये. पुढे कळेल.) आई म्हणते, ताईला फोन कर. पण फोनवर तू मला दोन मिनिटांत गप्प करतेस, म्हणून पत्र. पत्रात मध्येच ‘मुद्द्यावर ये’ असं तुला म्हणता येत नाही.

मी मजेत आहे. म्हणजे नाहीये, पण पत्रात तसं लिहायचं असतं ना.

तू मला ज्या दुकानात चिकटवलंस ते नाटकाचे पोशाख भाड्याने देतं, एवढं तुला माहीत आहे, कारण मालकीणबाई तुझी कॉलेजातली मैत्रीण. पण आत काय चालतं ते तुला माहीत नाही. पुढे काउंटरवर मावशी बसतात आणि मागे गोदामात काका. मावशींची एक यादी, काकांची एक यादी. मावशींच्या यादीत अख्खे पोशाख: ‘राजा नंबर तीन’, ‘अस्वल’, ‘परी, मोठी’, आणि कोणी, कधी नेलं. काकांच्या यादीत सुटे तुकडे: मुकुट वेगळा, झगा वेगळा, अस्वलाचं डोकं वेगळं, अंग वेगळं. शिवाय काकांच्या यादीत शेवटी शेऱ्याचा एक रकाना आहे. ताई, तो रकाना म्हणजे काकांचं आयुष्य आहे. ‘डावी बाही उसवलेली, हात वर करायला सांगू नका.’ ‘हा झगा घातला की माणूस उगाच भाव खातो, शांत माणसालाच द्यावा.’ असे नऊ वर्षांचे शेरे. नऊच का, तर नऊ वर्षांपूर्वी एका जांभळ्या शालीवरून काका-मावशींचं भांडण झालं आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जे बोलायचं ते याद्यांतून. आणि याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. काउंटरवर परी शिल्लक, गोदामात तिचे पंख शिवायला गेलेले, असं रोजचं.

मग मी आलो. मी आल्या आल्या म्हटलं, हे काय, सोपं आहे! दोन याद्यांमध्ये मी एक पूल बांधतो. इकडे बदललं की पाच मिनिटांत तिकडे बदलेल, तिकडे बदललं की इकडे. दोन्हीकडून. मालकीणबाई म्हणाल्या, “अहो इंजिनिअर, काही मोडणार नाही ना?” मी हसलो. तीन आठवड्यांत पूल उभा. पहिल्या दिवशी मावशींनी परीची तारीख टाकली आणि गोदामात काकांच्या पडद्यावर पंख, कांडी, चपला सगळ्यांपुढे तीच तारीख उगवली. काका उठून उभे राहिले, ताई. मावशींनी मला चहा दिला, तोही स्वतःच्या थर्मासमधला. तो चहा पिताना मला वाटलं की आता नदीपलीकडे मालकीणबाई जे नवीन दुकान काढतायत, तिथल्या याद्यांचं सगळं काम माझ्याकडेच येणार. मला ते हवंय, ताई. मला आजवर एवढं काहीच हवं नव्हतं, तुझ्या दहावीच्या सायकलनंतर.

पुढचं लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

पहिलं म्हणजे शेरे. मावशींच्या यादीत शेऱ्याचा रकानाच नाही. आता मावशींनी राजा नंबर तीनचं माप सुधारलं, की माझा पूल काय करायचा, तर काकांकडची जुनी ओळ पुसून मावशींकडून आलेली नवी ओळ बसवायचा. नव्या ओळीत शेरा कोरा. जो पोशाख बाहेर जाऊन आला त्याचा शेरा गेला. दहा दिवस कोणाच्या लक्षात नाही. मग एका मंडळाचा राजा भर दरबारात सिंहासनावर बसला आणि ताडकन उठला, कारण ‘झग्याच्या मागे मोठी पिन आहे, बसायच्या आधी काढा’ हा शेरा माझ्या पुलाने पुसला होता. बाकीचा अंक त्याने उभ्याने केला. लोकांना वाटलं काय बाणेदार राजा आहे. टाळ्या पडल्या म्हणे. पण ते मंडळ आमच्याकडे टाळ्यांबद्दल बोलायला आलं नव्हतं.

तू म्हणशील, बॅकअप नव्हता का? होता! माझा बॅकअप फार प्रामाणिक होता. तोसुद्धा दर पाच मिनिटांनी स्वतःला जुळवून घेत होता.

दुसरं म्हणजे अस्वल. अस्वलाला कसर लागली म्हणून मावशींनी आपल्या यादीतून ‘अस्वल’ काढून टाकलं. बरोबरच केलं. पुलाने विचार केला (विचार कसला, मीच केला होता तो) की पोशाख गेला म्हणजे त्याचे सगळे तुकडे गेले. डोकं गेलं, अंग गेलं, पंजे गेले. पण पंजे एकट्या अस्वलाचे नव्हते, ताई! आमच्याकडे पंज्यांचा जोड सगळ्यांत मिळून एकच. सिंहही तेच घालतो, लांडगाही तेच. पाच मिनिटांनी पूल उलट दिशेने आला, बघतो तर सिंहाला पंजे नाहीत, म्हणजे सिंह अपुरा, म्हणून त्याने सिंह काढला. मग लांडगा काढला. मावशी डबा खाऊन येईपर्यंत अख्खं जंगल साफ. पंजे खुंटीला टांगलेले, सगळ्यांना दिसतायत, पण दोन्ही याद्यांत नाहीत. आणि जे यादीत नाही ते काका हातात देत नाहीत. तो त्यांचा नियम आहे, देव आला तरी. शेवटी ज्या शाळेने सिंह ठरवला होता त्यांचा सिंह लाल लोकरीचे हातमोजे घालून डरकाळ्या फोडत फिरला.

तिसरं मात्र माझ्यामुळे झालं असं मी मानत नाही. एक झगा आहे. काका म्हणतात निळा, मावशी म्हणतात आकाशी. इतकी वर्षं दोघं आपापल्या यादीत आपापला रंग लिहून सुखात होते. माझ्या पुलामुळे काकांच्या यादीत अचानक ‘आकाशी’ उगवलं. काकांनी ‘निळा’ केलं. पाच मिनिटांनी मावशींकडे ‘निळा’. मावशींनी ‘आकाशी’. असं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी रंगाच्या रकान्यात ‘निळाच’. मग ‘आकाशी, उजेडात नेऊन बघावं’. मग ‘डोळे तपासून घ्या’. मग ‘शालीच्या वेळी कोणाचे डोळे फुटले होते?’. नऊ वर्षांनी दोन माणसं बोलायला लागली होती आणि मला आतून जरा भरूनही येत होतं, तेवढ्यात एका शाळेच्या मुख्याध्यापकांना पावती गेली. पोशाख: झगा, लांब. रंग: तुमच्यात अक्कल असती तर ही वेळ आली नसती.

मालकीणबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. नुसत्या येऊन माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. तू पण अशीच उभी राहायचीस.

आता टाचणीबद्दल. (हो, एवढं सगळं तिच्यासाठीच लिहिलं.) टाचणी म्हणजे दोन महिन्यांपूर्वी आलेली नवीन मुलगी. हे नाव शिवणखोलीतल्या बायकांनी ठेवलंय, कारण ती काडीसारखी आहे, कमी बोलते आणि बोलली की बरोबर टोचते. आल्यापासून सगळं दुकान तिच्या प्रेमात. तिला चारही चाकं फिरणारी खुर्ची मिळाली. माझ्या खुर्चीचं एक चाक आठवड्यापासून काकांच्या ड्रॉवरमध्ये आहे, शेऱ्यासकट. काकांनी तिला स्वतःची उशी दिली बसायला! मला काका अजून ‘ओ पूलवाले’ म्हणतात. मावशींच्या थर्मासमधला पहिला कप हल्ली तिचा. मालकीणबाई तिला ‘अगं’ म्हणतात आणि मला ‘अहो’, आणि या दुकानात ‘अहो’ म्हणजे अजून पाहुणा. आणि सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? ती एकदाही ‘मी म्हटलं होतं’ म्हणाली नाही. म्हटलं होतं, ताई! पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, “काउंटरकडून परत लिहिताना शेऱ्याचं काय होतं?” मी म्हटलं, “ते बघू.” माणसाने निदान एकदा तरी टोमणा मारावा. तेवढाच समोरच्याला भांडायला चान्स.

तिने काय केलं, तर माझा पूल मोडलाच नाही. (मोडला असता तर बरं वाटलं असतं.) म्हणाली, परत लिहिताना अख्खी ओळ बसवायची नाही. आधी तिकडे काय होतं ते बघायचं, जेवढं बदललं तेवढंच बदलायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. पोशाख काढला तर तुकड्यांचं काय करायचं ते स्वतः ठरवायचं नाही, काकांना विचारायचं. आणि प्रत्येक रकान्याला एक धनी. रंग काकांचा, तारखा मावशींच्या. दुसऱ्याने बघावा, बदलू नये. मी म्हटलं, “पण पूल बरोबर चालतोय हे कळणार कसं?” मला तिला अडकवायचं होतं. तर केस बांधत बांधत म्हणते कशी, “कपाट उघडलं, काही न घेता बंद केलं, तर आतलं सगळं होतं तस्संच राहायला हवं. आणि काही ठेवलं, तर परत उघडल्यावर तेच, तिथेच सापडायला हवं. या दोन गोष्टी जमल्या की झालं.” मला हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. पण जळत असताना माणसाला काही आठवत नाही.

मग मी माझ्या पुलाचं कपाट उघडून, काही न घेता, बंद करून बघितलं. आठशे शेरे असायला हवे होते. चार उरले.

ते शेरे परत भरायचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं (मुख्यतः मी). काका एकेक हँगर हातात धरून आठवून सांगायचे, चार दिवस. शनिवारी मालकीणबाई ठरवणार, नदीपलीकडच्या दुकानाचं काम कोणाला द्यायचं. शुक्रवारी त्या तुला फोन करणार आहेत, कारण त्यांना तुझ्या मताशिवाय जेवण पचत नाही. तर तू फक्त एवढंच सांग, की मुलगा उत्साही आहे आणि चुकांमधून शिकतो. खोटं काही सांगू नकोस. पण ‘चुका’ हा शब्द जरा भरभर म्हण.

बाकी सगळं ठीक. लांडगा यादीत परत आला. मनगटाला जप.

तुझाच,
धाकटा

ता. क. : शेरे मुख्यतः मी भरले, असं वर लिहिलंय. टाचणीने भरले. मी चहा आणत होतो. एकदा पेनही आणलं.

ता. क. : आज दुपारी स्टेपलर शोधायला मी तिचा ड्रॉवर उघडला (काही न घेता बंद केला, सगळं होतं तस्संच आहे). आत चार पानांचं पत्र होतं. सुरुवातीलाच कपाटाचं उदाहरण, चित्रासकट. ते आपल्या घरचं कपाट मी ओळखलं, ताई. त्याच्या दाराला माझं स्टिकर पण काढलंयस तू. म्हणजे मालकीणबाईंनी तुझा पत्ता तिला दिला (याद्यांचं तुला कळतं, हे त्यांना कॉलेजपासून माहीत), आणि मनगट दुखत असताना तू तिला चार पानं हाताने लिहिलीस. मला वाढदिवसाला दोन ओळी आल्या होत्या, त्यातली एक भावोजींची. मी तीन आठवडे पूल बांधत होतो, मला नाही का लिहायचं? (मी विचारलं नव्हतं, हे मला माहीत आहे. तिने विचारलं. तेच तर.)

ता. क. : म्हणजे या सगळ्या भानगडीचं पत्र तुला तिच्याकडूनही आलं असणार. आता तुझ्याकडे एकाच गोष्टीच्या दोन याद्या आहेत. दोन्ही शेजारी ठेव. जिथे जुळणार नाहीत तिथे तिची खरी धर. शुक्रवारी फोन आला की तिचंच नाव सांग. मी तिच्या हाताखाली जाईन, तिने कालच विचारलंय. चांगली खुर्ची पण देते म्हणाली, घेतली नाही (अजून).

फक्त एक. त्या पत्राच्या मागे तिने तुला पाठवायच्या उत्तराचं कच्चं लिहिलंय, आणि त्याची सुरुवात ‘प्रिय ताई’ अशी आहे. तिला सांग, रंग काकांचा, तारखा मावशींच्या, आणि हा रकाना माझा. तिने बघावा, बदलू नये. तुला ‘मॅडम’ म्हणू दे तिला.