माझा हात लागला नव्हता

अहो,

काल भाऊजी अमरावतीहून गाडी घेऊन तुमची दुर्बीण न्यायला आले होते. मी दिली नाही. तुमच्या धाकट्या भावाला रिकाम्या हाताने परत पाठवलं, हे तुम्हाला मीच सांगितलेलं बरं, म्हणून लिहायला बसले.

"वहिनी, कॉलेजवाल्याईले शब्द देऊन बसलो मी," ते म्हणाले. "पोट्टे शिकतीन तरी. तुमी काय करून राहिल्या तिचं?"

"फोटो काढून राहिली," मी म्हटलं.

ते हसले. मग मी त्यांना फोटो दाखवला. पण तो कोणता, ते आत्ता नाही सांगत. आधी आपल्या दोघांचं राहिलेलं भांडण.

चिखलदऱ्याची आपली शेवटची खेप आठवते? नवा कॅमेरा विटेसारखा जड. कृत्तिका बरोबर डोक्यावर आल्या होत्या, म्हणून दुर्बीण सरळ वर रोखलेली आणि कॅमेरा तिच्या बुडाशी लोंबकळत होता. सकाळी फोटो पाहिले तर पहिले दोन-तीन बरे, पुढचे सगळे तारे फुगत गेलेले. परतताना जीपमध्ये, ड्रायव्हरच्या देखत तुम्ही म्हणालात, "तुयाच हात लागला असन."

अकोला येईपर्यंत मी बोलले नाही. घरी आल्यावरही नाही. तेव्हाच भांडायला हवं होतं मी. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात आणि तो आळ माझ्यावर तसाच राहिला. लोक येऊन डोळे पुसत होते आणि मी मनात म्हणत होते, माझा हात लागला नव्हता.

उन्हाळ्यात एका दुपारी मी दुर्बीण हॉलमध्ये तिच्या तिपाईवर चढवली. कंबर धरली, ते कोणाला सांगितलं नाही. छताकडे रोखली, मागे कॅमेरा आणि रंगीत काचांचं फिल्टरचं चाक जोडलं. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते दोन्ही तोलून घेतलं होतं. पावणेतीन किलो! कॅमेरा ज्या नळीत बसतो आणि जी आत-बाहेर सरकवून आपण तारा टाचणीच्या टोकाएवढा करतो, त्या फोकसरच्या नळीवर, ती आत शिरते तिथेच, पेन्सिलीने बारीक रेघ मारली. मग समोर बसून ब्लाउजांना हुक लावत राहिले. दोन ब्लाउज झाले. उठून पाहिलं, तर रेघ तांदळाच्या दाण्याएवढी खाली उतरली होती.

आता सांगा, कोणाचा हात लागला? घरात मी एकटी होते आणि माझ्या हातात सुई होती.

नळी बाहेर काढली तेव्हा आणखी एक दिसलं. आवळायच्या स्क्रूखाली ओरखडे होते, एकावर एक, खोल. म्हणजे दर वेळी तुम्ही जास्त जोर लावून आवळत होतात. नळी घसरते हे तुम्हाला माहीत होतं ना? मग माझ्यावर का ढकललंत? उत्तर मिळणार नाही, ठाऊक आहे. तरी विचारणारच.

तुमचा फोकसर गुळगुळीत, नळीला नुसत्या दाबाने धरून ठेवणारा. डोळा लावून पाहायला झकास. पण तीस वर्षं मी शिलाई मशीन चालवली आहे. खालचे दाते झिजले की वरून कितीही दाबा, कापड घसरतंच. ठरवलं, दातेवाला घ्यायचा. नळीलाच दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकून फिरणारं चाक.

दुकानदाराला फोन केला. "सर आहेत का घरी?"

"सर वारले. मी बोलते."

त्याने पुन्हा गुळगुळीतच सुचवला. "मॅडम, हा पाच किलो उचलतो."

"आडवा धरून, की उभा लटकवून?"

"विचारून सांगतो," म्हणाला. दोन दिवसांनी कबूल केलं की उभ्याने तेवढं धरत नाही. मग मी विचारत गेले. वजनाने नळी वाकते का? तोंड किती रुंद? किती लांब सरकते? चौथ्या फोनपासून त्याने सरांचं नाव काढलं नाही.

दातेवाला आला, पण तो आपल्या दुर्बिणीच्या बुडाला बसेना. मधे एक कडं करून घ्यावं लागणार होतं. मापं घेऊन लेथवाल्या यासीनभाईंकडे गेले. कागद पाहून ते म्हणाले, "भाभी, नाप पक्का है ना? कटने के बाद जुडता नहीं."

"तीस साल से काट रही हूँ, भाई."

कडं पहिल्या फटक्यात बसलं.

आणि यंदा कृत्तिका डोक्यावर आल्या तेव्हा मी चिखलदऱ्याला होते, स्वेटरवर तुमचं जाकीट चढवून. पहिला फोटो आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवले. तारे तेवढेच. टाचणीच्या टोकाएवढे. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण तुम्ही शेजारी नव्हतात, त्याचा रागच जास्त आला. या भांडणात हरलात, ते पाहायला तरी थांबायचं होतं.

भाऊजींना दाखवला तो हाच फोटो. डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग म्हणाले, "दादानं काढला काय हा?"

"नाही," मी म्हटलं. "पोट्ट्याईले इकडं पाठवा. शिकवतो मी."

आजवर आपण काढलेल्या प्रत्येक फोटोखाली तुमचं एकट्याचं नाव असायचं. शेजारी कुडकुडत मी बसलेली असायचे, ते कधी कुठे लिहिलं गेलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही. यापुढे माझं नाव लिहीन. रागवायचं तर रागवा. आणि वचन देते, एखादा फोटो माझ्या चुकीने बिघडला, तर त्याच्याखालीही माझंच नाव असेल. दुसऱ्या कोणाचा हात लागला असं म्हणणार नाही.

तुमची,
विमल