शिंप्याने सांगितलं तेवढंच

सौ. घरधनीण हिला आशीर्वाद.

इथे लेकीकडे मी खुशाल आहे. काळजी नको. गुडघा आहे तसाच. ऑपरेशन करायचं की नाही, ते महिनाअखेरीस डॉक्टरांना सांगायचंय.

लेकीने चार वर्षं गुडघ्यांवरच संशोधन केलंय, म्हणून तिला विचारलं. म्हणाली, "बाबा, प्रबंधात 'अजून अभ्यास हवा' असं लिहून मोकळं होता येतं. तुमच्या गुडघ्याचं तुम्हालाच ठरवावं लागेल."

तुला बघायला येण्याआधी मी तुमच्या गल्लीतल्या शिंप्याला एकट्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला, "पोरगी फटकळ आहे, पण खोटं बोलायची नाही." तेवढ्यावर चव्वेचाळीस वर्षं निघाली.

तुझी कंबर कशी आहे? गॅस आठवणीने बंद करतेस ना?

ऑपरेशन करू का? फटकळपणेच कळव.

तुझाच,
घाबरट म्हातारा