फरशीच्या फटीतली हरळी

३ ऑगस्ट १९७३, शुक्रवार. नागपंचमी.

काल संध्याकाळी शहाजादीने सांगितलं. वजीरभाईंनी सांगवीत घर घेतलं, सव्वीस तारखेला क्वार्टर सोडणार. मी म्हणाले, छान झालं. ती आणखी थोडा वेळ उभीच होती. मग मी म्हणाले, क्वार्टर सोडताना अंगण स्वच्छ करून द्यावं लागतं, एस्टेट ऑफिसचा माणूस बघायला येतो. ती बरं म्हणाली आणि आत गेली.

नऊ वर्षं आमच्या दोन क्वार्टरांना मिळून मागचं हे एकच अंगण. मध्ये भिंत नाही. शहाबादी फरशीसुद्धा आम्ही दोघींनीच ऑफिसात खेटे घालून बसवून घेतली. गेल्या वर्षी दुष्काळात फटींत एक काडी नव्हती. यंदा पाऊस झाला आणि आता फरशी कुठे आहे ते शोधावं लागतंय.

निश्चय: आठ दिवसांत अंगण तणमुक्त. पुढे सगळं मला एकटीलाच बघावं लागणार, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आज सुरुवात करता येत नाही. नागपंचमीला खणत नाहीत. खुडायला हरकत नसते, म्हणून त्याच फटींतून जिवतीच्या माळेसाठी आघाडा आणि दूर्वा खुडल्या. चिरंजीव कराडला हॉस्टेलवर. त्यामुळे गेली दोन वर्षं ओवाळायला शहाजादीची नजमा बसते. आठ वर्षांची आहे. पुरण एक वाटी जास्त खाल्लं. खाऊ दे.

४ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ६.१५

खुरपं घेऊन बसले. हरळी म्हणजे तीच दूर्वा. पण शुक्रवारी दूर्वा, शनिवारी तण. भावनेला जागा नाही.

७.४०. दोन फटी झाल्या. एकूण फटी मोजल्या नाहीत. मोजल्याने उत्साह जातो.

हे चहा घेत दारात उभे. म्हणाले, कंपनीत असं काम काढलं की आम्ही मशीन बंद ठेवतो. मी म्हणाले, मग आज स्वयंपाक बंद. कप ठेवून कामाला गेले.

६ ऑगस्ट, सोमवार.

काल दिवसभर पाऊस. शनिवारच्या दोन्ही फटी पुन्हा हिरव्या. पहिल्यापेक्षा जास्त.

गिरजाबाई भांडी घासता घासता बघत होती. म्हणाली, बाई, हरळी हाय ती. वरनं उपटली की खालनं हसती. न्हाई मरत. मी तिला मूळ, खोड, अन्नरस वगैरे समजावून सांगितलं. ती व्हय व्हय म्हणाली आणि कढई घासू लागली. या लोकांना शास्त्र पटत नाही.

८ ऑगस्ट, बुधवार.

नवी पद्धत. उकळतं पाणी, त्यात मूठभर जाडं मीठ. घंगाळभर केलं आणि माझ्या बाजूच्या सगळ्या फटींत ओतलं. शहाजादी पायरीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, वहिनी, मीठ झालं, आता फोडणी द्या. लसूण देऊ का घरातून?

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण काम चालू असताना हसलं की हातावर पाणी सांडतं.

संध्याकाळी गवत पिवळं. विजय.

१० ऑगस्ट, शुक्रवार.

जिवतीला दूर्वा हव्यात आणि माझ्या बाजूला एक हिरवी काडी नाही. सगळी उकडलेली. तिच्या बाजूला मात्र गालिचा. तिच्याकडे मागायला जाणं बरोबर दिसत नाही. बुधवारी मीच तिला म्हणाले होते, तुझी बाजू पण जाळून टाक.

साडेनऊला दार उघडलं तर उंबऱ्याजवळ दूर्वांची जुडी. दोऱ्याने बांधलेली, तीन-तीन पानांच्या काड्या निवडून. शेजारी आघाडा. हे म्हणाले, बघ, तिला वार लक्षात आहे. मी म्हणाले, वार सोडा, यावरून एक गोष्ट सिद्ध होते: गवताचा उगम तिच्या बाजूला आहे.

१२ ऑगस्ट, रविवार.

उगमाविषयी तिच्याशी स्पष्ट बोलले. शांतपणे. आवाज जरा मोठा झाला असेल, कारण मिक्सर चालू होता. (मिक्सर बंद होता असं यांचं म्हणणं.)

ती म्हणाली, वहिनी, घास काय दारावरची पाटी वाचून येतो का? हे जाधवांचं, हे शेखांचं?

मी म्हणाले, जायचंच आहे तर निदान तुझ्या बाजूचं काढून जा.

ती सूप उचलून आत गेली.

दुपारी अंगणाच्या मधोमध गेरूची रेघ ओढली. भांडणासाठी नाही. कोणत्या बाजूने गवत सरकतं ते बघायला. रेघ सरळ आली. नजमा शाळेतल्या पट्टीने मोजून म्हणाली, मामी, तुमची बाजू एक वीत जास्त आहे. रेघ पुसून पुन्हा ओढली नाही. थकले होते.

१४ ऑगस्ट, मंगळवार.

दोन दिवस शहाजादीशी बोलणं नाही. कामामुळे वेळ मिळत नाही.

मीठ टाकलेल्या फटींत आता घोळ उगवली आहे. जाड, रसरशीत. मीठ मानवलं.

वजीरभाई ड्यूटीवरून आले ते खाकी कपड्यांतच रेघेशी थांबले. रेघ ओलांडली नाही. म्हणाले, वहिनी, कंपनीच्या गॅरेजमधून बसचं जळकं ऑइल आणलंय. ते ओतलं की गवताचा बाप येत नाही. डबा ठेवून गेले. जाता जाता म्हणाले, घरात बायको सकाळपासून भांडी आपटतेय, इकडे तुम्ही फरशी आपटताय. आम्ही पुरुषांनी कुठे उभं राहायचं? मी डबा उचलून ठेवला. प्रश्न तणाचा आहे.

१५ ऑगस्ट, बुधवार.

सकाळी सातला ऑइल ओतलं. फटी अरुंद, डबा रुंद. अर्धं फरशीवर.

पावणेनऊला हे कंपनीतलं झेंडावंदन करून आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. मागच्या दाराने आले. ओरडून थांबवायच्या आत अंगणभर घसरत गेले आणि तिच्या मोरीच्या कट्ट्याला धरून उभे राहिले. हाडं शाबूत. कपडे नाहीत. तोंडातून जे शब्द आले ते पंधरा ऑगस्टला शोभणारे नव्हते.

शहाजादी राखेची बादली घेऊन धावत आली. रेघ तिला दिसली नसावी. ऑइलखाली गेलीच होती. दोघी गुडघ्यांवर बसून राख टाकत, पोत्याने पुसत राहिलो. दोन तास. फरशी बसवली तेव्हाही अशाच बसलो होतो, सिमेंटचे डाग खरवडत. नजमा तेव्हा तिच्या पाठीशी बांधलेली.

मध्येच ती म्हणाली, वहिनी, आम्ही जातोय म्हणून रागावलात का?

मी म्हणाले, उजवीकडे अजून डाग आहे.

तिने उजवीकडचा डाग पुसला.

२० ऑगस्ट, सोमवार.

ऑइलमधून हरळीचे कोंब. काळ्याभोर फरशीत हिरवे, चकचकीत. दिसायला सुंदर. हे वाक्य खोडायचं आहे.

आता अखेरचा आणि कायमचा उपाय: सगळ्या फटी सिमेंटने बंद. आधीच सुचायला हवं होतं. हे म्हणाले, मग पाणी मुरणार कुठे? मी म्हणाले, मुरायची गरज काय, उतार आहे. उतार घराकडे आहे, असं म्हणाले. त्यांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

सिमेंट परमिटशिवाय मिळत नाही. गिरजाबाईचा नवरा भिवा गवंडी आहे. एक घमेलं जमवतो म्हणाला. रविवारी नऊला येईल. रविवार सव्वीस. योगायोग.

२४ ऑगस्ट, शुक्रवार.

श्रावणातला शेवटचा शुक्रवार. नजमाला ओवाळलं. हिंडालियमच्या भांड्यांची पेटी भरून झाली, पुस्तकं पोत्यात गेली, असं सांगत होती. तिच्या फ्रॉकला खालच्या कडेला मी घातलेली टीप उसवली होती. काढून ठेव म्हणाले, घालून देते. म्हणाली, बाकीचे सगळे बांधले मामी, हा एकच बाहेर आहे. अंगावरच घातली टीप.

चिरंजीव लांब, म्हणून रिवाजाप्रमाणे चारी दिशांना अक्षता टाकल्या. टाकताना यांना विचारलं, सांगवी कोणत्या दिशेला येते. सहज. म्हणाले, आग्नेयेला. तिकडे मुख्य दिशा नाही, कोपरा आहे. तरी टाकल्या.

२५ ऑगस्ट, शनिवार. रात्री ८

उद्याचा कार्यक्रम लिहून ठेवते, म्हणजे गोंधळ नको.

९.०० भिवा. काम सुरू.
१०.०० ट्रक. शहाजादीच्या हातावर दही-साखर. दोन शब्द. शेजारधर्म, सहकार्य, आभार. रडारड नाही. तसं काही कारणही नाही, सांगवी म्हणजे काय लंडन नव्हे.
१०.३० पुन्हा सिमेंटवर लक्ष.

दही विरजलं आहे.

२६ ऑगस्ट, रविवार.

भिवा नऊला आला नाही. सव्वानऊला मागच्या वाटेनेच त्याला शोधायला खराळवाडीत गेले. झोपला होता. उठवला, घमेलं शोधलं, थापी शोधली, सिमेंट त्याच्या मेव्हण्याकडे होतं, तिथून आणलं.

परत आले तर सव्वादहा. ट्रक साडेआठलाच भरायला लागला होता म्हणे, पुढच्या दाराने. मला मागच्या बाजूला ऐकू आलं नाही. मी फटी मोजत होते. चाकणचा कांद्याचा ट्रक, दुपारच्या आत परत जायचं, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. तरी शहाजादी पाऊण तास थांबली. दही यांनी दिलं. साखर घालायला विसरले.

काही म्हणाली का, विचारलं. हे म्हणाले, म्हणाली, वहिनींना सांगा, एस्टेट ऑफिसचा माणूस आला तर माझी बाजू बघू दे.

मागे गेले. तिच्या बाजूच्या सगळ्या फटी स्वच्छ. एक काडी नाही. सकाळी मी मोजत होते तेव्हा तिकडे हिरवंच होतं; त्या पाऊण तासात बसली असेल. गेरूची रेघ जिथे होती तिथपर्यंत बरोबर. त्या पलीकडे माझी बाजू, हिरवीगार.

भिवा म्हणाला, बाई, कुठनं भरायचं? मी म्हणाले, आज नको.

२९ ऑगस्ट, बुधवार.

शांतपणे विचार केला. शहाजादीने गवत वरवर काढलं आहे, मुळं आत आहेत. हीच चूक ती सांगवीच्या अंगणात करणार. नव्या घरात पहिल्याच पावसाळ्यात हरळीने पाय रोवले की संपलं. पद्धत कोणीतरी समजावून द्यायला हवी, आणि अनुभव माझ्याकडे आहे. गणपती दोन दिवसांवर, मोदकांचं पीठ व्हायचंय, मखर व्हायचंय. पण काही गोष्टी थांबत नाहीत.

खुरपं पिशवीत घालून निघाले. दोन बस बदलल्या. मुळांविषयी तीन वाक्यं बसमध्ये पाठ केली.

घर दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, वर दोन खोल्या, पुढे हातभर गॅलरी. अंगण नाही. फरशी नाही. खाली बघावं तर डांबर. घर कसं आहे, हे महिनाभरात मी एकदाही विचारलं नव्हतं.

शहाजादीने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, पिशवीतून वर आलेल्या खुरप्याच्या मुठीकडे बघितलं. म्हणाली, वहिनी, माझा गळा कापायला एवढ्या लांब आलात?

तीन वाक्यांतलं एकही आठवलं नाही. म्हणाले, त्या दिवशी दह्यात साखर नव्हती. आणि मग जे शनिवारी रात्री लिहून ठेवलं होतं की होणार नाही, ते झालं. तिच्या पदराला. बराच वेळ. नजमा म्हणाली, अम्मी, मामीला पाणी देऊ की चहा? शहाजादी म्हणाली, दोन्ही दे, आणि तिची पिशवी लपव, म्हणजे लवकर जाणार नाही.

शेवटची बस धरून घरी आले. हे मागच्या दारात उभे होते. म्हणाले, गवत घोट्यापर्यंत आलंय, काय करायचं ठरवलंस?

आता इलाज नाही. खुरपं सांगवीला राहिलं.