वगळलेल्या गावाची चतुःसीमा

शुक्रवार, १ मार्च २०१९

प्रारंभीच क्षमा मागते. रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडलेले नाही, आणि ज्यांच्या आयुष्यात घडते त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही. शाळेत निबंधांना पैकीच्या पैकी गुण मिळत, एवढ्याच भांडवलावर हे धाडस करीत आहे. कोणी वाचलेच तर सांभाळून घ्यावे.

आज मी ———— येथे तलाठी म्हणून रुजू झाले. औरंगाबादहून गंगापूरच्या जीपने निघायचे, फाट्यावर उतरायचे आणि तिथून सव्वा किलोमीटर चालायचे. बेचाळीस घरे, दोनशे बारा माणसे, एक अंगणवाडी, एक विहीर. दुष्काळामुळे विहीर कोरडी आहे. एक दिवसाआड टँकर येऊन तिच्यात पाणी सोडतो. तरीही गाव मला फार आवडले. चावडीच्या खिडकीतून शहराच्या नव्या इमारतींची रांग दिसते. गेल्या वर्षी ती इथून दिसत नव्हती म्हणतात.

राहायला केसरबाईंनी आपल्या घराची पुढची खोली दिली. त्या एकट्याच असतात. ‘खरंच ऱ्हाणार हायस, का निस्तं कागदावर?’ असे त्यांनी मला दोनदा विचारले. आधीचे तलाठी आठवड्यातून एकदा, तेही गाडीतून न उतरता, येऊन जात. मी खरेच राहणार म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना डोळ्यांना पदर लावावा लागला. मग त्यांनी भाकरी आणि येसराची आमटी वाढली.

सरकारी नोकराने मुख्यालयी राहावे असा नियम आहे, आणि तो तसा राहतो असा दाखला ग्रामसभेने द्यायचा असतो. आजूबाजूच्या गावांतले असे सगळे दाखले खोटे असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. माझा खरा असेल. ‘सदर कर्मचारी येथील कायम रहिवासी आहे’ हे वाक्य मी सुवाच्य अक्षरात स्वतः लिहिले. मला अतिशय समाधान वाटत आहे.

सोमवार, ४ मार्च

आज तालुक्याच्या कार्यालयात गेले होते. तालुक्याचे नाव लिहीत नाही. माझ्या टिपणाने कोणाला कमीपणा येऊ नये. तिथे मंदार नावाचे अव्वल कारकून आहेत. त्यांनी तालुक्यांच्या पुनर्रचनेचे काम समजावून सांगितले. शहर वाढले आहे, म्हणून त्याच्या कडेची काही गावे जुन्या तालुक्यातून काढून नव्या शहर तालुक्यात घालायची आहेत. ———— हे त्यांतले पहिले. पद्धत अशी, की गाव आधी जुन्या यादीतून वगळायचे आणि मग दुसऱ्या अधिसूचनेने नव्या यादीत घ्यायचे. एक गाव एकाच वेळी दोन याद्यांत असू नये, हे त्यामागचे तत्त्व.

मी विचारले, की मधल्या दिवसांत ते गाव कुठे असते? सगळी खोली हसली. मंदार म्हणाले, ‘मॅडम, बोर्डात पहिली आलेली माणसं महसुलात टिकत नाहीत. ती प्रश्न विचारतात.’ मला लाज वाटली. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याआधी हे संपवायचे होते, म्हणून तिथेच बसून अहवाल लिहिला: ‘सदर गाव वगळण्यास हरकत नाही.’ खाली माझी सही.

संध्याकाळी अंगणवाडी सेविका रत्नमाला भेटली. ती पाणी समितीची अध्यक्षही आहे, माझ्याच वयाची, तोंडाची तिखट. ‘हरकत नाय असं तुम्ही कुणाला विचारून लिहिलं, मॅडम? मला तर कुणी विचारलं नाय, आन् मी हितंच होते,’ असे ती म्हणाली.

सोमवार, ११ मार्च

वगळण्याची अधिसूचना शुक्रवारी निघाली. काल आचारसंहिता लागली. समाविष्ट करण्याची अधिसूचना निघायची राहून गेली. मंदार यांनी फोनवर सांगितले, की मे अखेरपर्यंत काही करता येणार नाही, अडीच महिने कसेही निघून जातात.

दोनशे बारा माणसे आज कोणत्याही तालुक्यात नाहीत. गावात कोणाला काही जाणवलेले नाही. केसरबाईंनी आज वाळवणाला कुरडया घातल्या.

मंगळवार, २ एप्रिल

पाच दिवस टँकर आला नाही. टँकर तालुक्याच्या यादीनुसार मंजूर होतात. जुन्या यादीत आम्ही नाही, नव्या यादीतही नाही. मी आठ वेळा फोन केला. शेवटी मंदार यांनी आपल्या ओळखीने एक टँकर पाठवला, हे नमूद करायला हवे. चालक सर्जेराव हा गेली दोन वर्षे याच रस्त्यावर पाणी घालतो.

भर दुपारी रत्नमाला आणि मी फाट्यावर थांबलो होतो. टँकर आला. आम्ही हात केले. तो तसाच पुढे गेला. वळून आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेस सर्जेराव खिडकीतून मान काढून अगदी आमच्या दिशेने पाहत होता. वीस पावलांवर. त्याच्या नजरेत आम्ही नव्हतो. टाकीतून पाणी ठिबकत होते, आणि रत्नमाला त्या थेंबांमागून चप्पल हातात घेऊन धावली.

नंतर त्याने मला फोन केला. ‘बाई, फाटाच नाय लागला,’ असे तो सांगत होता. तो खोटे बोलत नव्हता, आणि याचाच मला अधिक राग आला.

शुक्रवार, २६ एप्रिल

मंगळवारी मतदान झाले. मतदारयादी जानेवारीची असल्यामुळे गावाचे नाव तीत होते. पेटी न्यायला लोक आले, पोहे खाल्ले, गेले. म्हणजे मत हवे असते तेव्हा फाटा लागतो.

आज सकाळी केसरबाईंनी बोट पुढे केले. शाई नव्हती. मी घरोघर जाऊन पाहिले. एकाच्याही बोटावर नव्हती. ही शाई महिनाभर जात नाही. माझे मत शहरात, गुलमंडीत आहे. तिथे जाऊन दिले होते. माझ्या बोटावर ती काळीभोर आहे. केसरबाई हसून म्हणाल्या, ‘घासून घासून तरी जात नव्हती म्हनं लोकांची.’ पण त्यांनी ते बोट दिवसभर पदराखाली ठेवले.

सोमवार, ६ मे

गावच्या सह्यांचा अर्ज घेऊन रत्नमाला आणि मी तालुक्याला गेलो. मंदार यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. एकच चहा. रत्नमाला उभी राहून दहा मिनिटे बोलली. विहिरीचा तळ, आटलेले हापसे, तापाने फणफणलेली मुले. इतके स्पष्ट आणि मुद्देसूद मला जन्मात बोलता येणार नाही. तिचे बोलून झाल्यावर मंदार माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘काय, एवढ्या उन्हाच्या एकट्याच आलात?’

तिने अर्ज त्यांच्या पुढ्यात आपटला. त्यांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

निघताना त्यांनी एक आनंदाची बातमी दिली. माझा मुख्यालयी राहत असल्याचा दाखला आज मंजूर झाला. साऱ्या तालुक्यात हा पहिलाच खरा दाखला, असे ते कौतुकाने म्हणाले. मी आता अधिकृत गावकरी झाले.

परतताना जीपमध्ये रत्नमाला म्हणाली, ‘आमच्या लोकांकडं न बघायची यांना जुनी सवय हाय, मॅडम. म्हणून मला आधी कळलंच नाय.’

गुरुवार, ९ मे

अंगणवाडीत आज मुलांची वजने घेतली. टांगत्या काट्याच्या झोळीत नऊ महिन्यांचे बाळ बसवले. काटा शून्यावर. रत्नमालाने झोळी झटकली, काटा बदलला, बाळाला पुन्हा बसवले. शून्य. बाळ हसत होते, पाय झाडत होते. माझ्या हातात ते भरभक्कम लागत होते.

सोळा मुले. सोळा शून्ये. रत्नमालाने तक्त्यावर तशीच लिहिली. एकही खोटा आकडा लिहायला ती तयार झाली नाही.

मग मी काट्याला लोंबकळले. हात दुखेपर्यंत.

काटा हलला नाही.

मंगळवार, १४ मे

कार्यालयात गेले. मंदार यांच्या टेबलासमोर बसले आणि नमस्कार केला. ते कोणाशी तरी फोनवर हसत होते. शिपाई आला आणि त्याने फायलींचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला, खुर्ची रिकामी समजून. मी ओरडले. कोणीही मान वर केली नाही.

टेबलावर दुसऱ्या अधिसूचनेचा मसुदा सह्या होऊन तयार होता. मी वाचला. पुन्हा वाचला. नव्या तालुक्यात येणाऱ्या गावांची ती यादी होती, आणि आमचे गाव तीत नव्हते. ती जुन्या तालुक्याच्या चालू यादीवरून उतरवून काढली होती. चालू यादीत आम्ही कसे असणार? आम्ही मार्चमध्येच वगळलेलो. पाच जणांनी ‘तपासले’ असे लिहून खाली सह्या केल्या आहेत. पाच जणांनी!

मी त्यांचेच पेन घेऊन यादीच्या तळाशी गावाचे नाव लिहिले. शाई कागदावर दिसली आणि विरून गेली. चार वेळा लिहिले. बाहेरच्या कोणाच्या तरी हाताने लिहावे लागेल. आमच्या हाताची शाई आता टिकत नाही.

तिथून गुलमंडीला गेले. माझे वडील कापडाच्या दुकानात काम करतात. ते ठाण उलगडत होते. मी समोर उभी, आणि कापड माझ्या अंगावरून सरकत गेले. गिऱ्हाईक बाईने मुलाबाळांची चौकशी केली. ते म्हणाले, ‘आम्ही दोघंच, मी आणि ही.’

त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

सोमवार, २० मे

उत्तरेकडची चार घरे नाहीत. पडलेली नव्हेत. जिथे ती होती तिथे पलीकडच्या गावाची नांगरट सुरू होते. मध्ये बांधही नाही. माणसे कुठे गेली, हे विचारायला जावे तर कोणत्या दाराशी —

ही वही चाळत होते. जिथे जिथे गावाचे नाव लिहिले होते, तिथे तिथे कोरी जागा. पहिल्या पानापासून. मी तिथे आता रेघा ओढल्या आहेत. रेघा टिकतात. नाव टिकत नाही. चार अक्षरे होती, एवढे आठवते. केसरबाईंना विचारले. त्या साठ वर्षांपूर्वी इथे लग्न होऊन आल्या. बराच वेळ ओठ हलवत राहिल्या, मग रडू लागल्या.

मला भीती वाटते. पण भीतीहून राग मोठा आहे. आम्हाला कोणी मारले नाही, कोणी हाकलले नाही. एक ओळ गाळली, आणि चहा प्यायले. त्या ओळीखाली पहिली सही माझी आहे.

शुक्रवार, २४ मे

काल निकाल लागले. शहरातले फटाके इथवर ऐकू आले.

आणखी नऊ घरे. केसरबाई सकाळी अंगण झाडत होत्या. मी तांब्या घेऊन आत गेले, बाहेर आले — खराटा होता.

मला खोली राहिली नाही. अंगणवाडीत झोपते.

शनिवार, २५ मे

मार्ग सुचला आहे. सरकारी जमिनीचे नाव-गाव नसले तरी चतुःसीमा सांगून ती ओळखता येते. चारी बाजूंना काय आहे ते लिहायचे. चारही हव्यात, तीन चालत नाहीत.

रत्नमालाचे सासरे, सखारामबाबा, यांना गावाची शीव पावलापावलाने ठाऊक आहे. त्यांच्या आज्याला शीव राखण्याचे काम जुलमाने करावे लागे. वाद झाला की उन्हात उभे करून त्यालाच विचारीत. धर्मांतरानंतर घराने ते काम टाकले. बाबा काठी उचलून म्हणाले, ‘त्याला लावत हुते. मी माझ्या मर्जीनं चाललो. आन् तू नीट लिव्ह, तलाठीबाई. मागल्यावानी नगो.’

पूर्व, दक्षिण आणि पश्चिम आज झाली. उत्तर उद्या.

रविवार, २६ मे

आचारसंहिता उठली. उद्या दुसरी अधिसूचना निघेल, आणि मग आम्ही कायमचे —

मोबाइल चालतो. सिमकार्ड वडिलांच्या नावावर आहे. पानांची छायाचित्रे काढून वरच्या कार्यालयाच्या आवक शाखेस पाठवीत आहे.

आपण जे कोणी असाल त्यांस. आवक नोंदवहीत ‘कोठून आले’ असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. जुना नकाशा तुमच्याच कपाटात आहे. खालील सीमांच्या मध्ये जे नाव सापडेल ते तुमच्या हाताने लिहा. यादीतही लिहा. आज लिहा. अंगणवाडीत आम्ही एकोणसाठ माणसे आहोत. सकाळी त्र्याहत्तर होतो.

पूर्वेस: शहराची नवी जलवाहिनी. तिला कान लावला की आतले पाणी ऐकू येते.

दक्षिणेस: गंगापूर रस्त्याचा फाटा.

पश्चिमेस: कोरडा ओढा, पलीकडे द्वारकाबाईंचे बाभळीचे रान.

उत्तरेस: बाबा सकाळी गेले. अजून आले नाहीत. रत्नमाला दारात उभी राहून हाका मारते आहे. बाहेर टळटळीत ऊन, आणि नांगरट भिंतीला — थांबा, मी स्वतः बघून लिहिते. उत्तरेस —

पाठविले: रविवार, दि. २६ मे २०१९, दुपारी २ वाजून ४० मिनिटे